संस्थात्मक डिजिटल भांडार (गोवा)

संशोधन संस्थेत, विद्यापीठात किंवा ग्रंथालयात तयार झालेला अथवा जपलेला मजकूर संगणकीय रूपात एका जागी ठेवून, त्याला नीट नोंद जोडून, तो कोणालाही शोधता आणि उतरवून घेता यावा अशी केलेली कायमची व्यवस्था. या मजकुरात शोधनिबंध, प्रबंध, अहवाल, मोजमापे, जुने ग्रंथ, हस्तलिखिते असे सगळे येते. ग्रंथालयांतल्या रोजच्या बोलण्यात हिला नुसते ‘रिपॉझिटरी’ म्हणतात. संकेतस्थळावर पीडीएफ चढवली की रिपॉझिटरी झाली, असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. संकेतस्थळ दर पाच-सात वर्षांनी नव्याने बांधले जाते आणि जुने दुवे मरतात. भांडारात मात्र प्रत्येक ऐवजाला न बदलणारा ओळखक्रमांक मिळतो, आणि फाइल कुठेही हलवली तरी त्या क्रमांकावरून ती सापडते.

या कामाची साधने एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर आली. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठाने ‘ईप्रिंट्स’ ही आज्ञावली 2000 मध्ये दिली. अमेरिकेतील एमआयटीची ग्रंथालये आणि ह्युलेट-पॅकार्ड यांनी मिळून केलेली ‘डीस्पेस’ 2002 मध्ये आली. दोन्ही फुकट आणि खुल्या. त्याच वर्षी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने ईप्रिंट्सवर भारतातले या प्रकारचे पहिले भांडार उभारले. पुढे आपल्याकडे डीस्पेसच जास्त रुजली. ग्रंथालयाच्या देवघेवीसाठी न्यूझीलंडहून आलेली ‘कोहा’ आणि भांडारासाठी डीस्पेस, ही जोडी आता अनेक ग्रंथालयांच्या ओळखीची झाली आहे.

गोवा 3,702 चौरस किलोमीटरचा, पण संशोधनाच्या नोंदी साठवणाऱ्या संस्थांची येथे दाटी आहे. दोना पावल येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था (स्थापना 1 जानेवारी 1966), वास्कोला हेडलँड सड्यावर राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र, जुन्या गोव्यात किनारी शेतीची केंद्रीय संस्था, ताळगावच्या पठारावर 1985 पासूनचे गोवा विद्यापीठ आणि पणजीत पाटोवर कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय. हे ग्रंथालय 1832 मध्ये ‘पुब्लिका लिव्रारिया’ म्हणून सुरू झाले. त्याहून कितीतरी जुने आहे पुराभिलेखागार. त्याची सुरुवात 1595 पर्यंत मागे जाते आणि इतिहासकार दियोगु दु कोतु हा त्याचा पहिला रक्षक.

समुद्रविज्ञान संस्थेने डीस्पेसवर आपले भांडार उघडले, त्यामागे एक साधी अडचण होती. जी कोणत्याही भारतीय संस्थेची असते तीच. शास्त्रज्ञाचा पगार सरकारचा, जहाज सरकारचे, पण निबंध छापून येतो परदेशी नियतकालिकात आणि तो वाचायला त्याच संस्थेच्या ग्रंथालयाला वर्गणी भरावी लागते. भांडारात लेखकाची प्रत ठेवली तर ती गोव्यातल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यालाही वाचता येते. यात ‘कोणती प्रत’ हा प्रश्न कळीचा. प्रकाशकाने सजवलेली छापील पाने बहुधा त्याच्या हक्काची असतात. परीक्षकांच्या सूचनांनुसार दुरुस्त करून लेखकाने शेवटी पाठवलेला मसुदा मात्र ठेवू देणारे प्रकाशक पुष्कळ आहेत, कधी सहा महिने तर कधी वर्षभर थांबून. गंमत अशी की लेखकाकडे नेमका तोच मसुदा नसतो. निबंध छापून आला की त्याला छापील पीडीएफ तेवढी लागते. मसुदा जुन्या लॅपटॉपबरोबर जातो. ग्रंथपालाने निबंध स्वीकारला गेल्याच्या आठवड्यातच मसुदा मागून घेतला तर मिळतो, वर्षाने मागितला तर मिळत नाही.

संस्थेत निबंधाइतकीच मोलाची असतात मोजमापे. 1960 ते 1965 या काळातल्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेतून समुद्रविज्ञान संस्था जन्मली, म्हणजे नोंदी आधी आणि इमारत नंतर. ‘गवेषणी’ या संशोधन जहाजाने 26 जानेवारी 1981 रोजी हिंदी महासागराच्या तळातून बहुधातुक गोटे प्रथम वर काढले. त्याच वर्षी डिसेंबरात भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम गोव्याहूनच निघाली. तापमानाचा नुसता आकडा हाती लागून उपयोग नाही. अक्षांश, रेखांश, खोली, वेळ, यंत्र कोणते आणि ते शेवटी कधी तपासले, हे सोबत असेल तरच पुढच्या पिढीला तो वापरता येतो.

गोवा विद्यापीठाचेही स्वतःचे भांडार आहे. प्रबंधांसाठी देशभरचे ‘शोधगंगा’ हे भांडार आहे. ते गांधीनगरचे इन्फ्लिबनेट केंद्र चालवते. पीएच.डी.चा प्रबंध संगणकीय रूपात देणे विद्यापीठ अनुदान आयोगाने 2009 मध्ये बंधनकारक केले. मराठी प्रबंधांची येथे एक खास रड आहे. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला ठरलेला संगणकीय क्रमांक देणारी पद्धत, अंगवळणी पडण्यापूर्वी सगळे टंकन जुन्या फॉण्टांत होई. पडद्यावर सुबक देवनागरी दिसते, पण ‘दशावतार’ हा शब्द पीडीएफमधून उचलून दुसरीकडे चिकटवला की रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी उतरते. संगणकाच्या लेखी त्या प्रबंधात ‘दशावतार’ नाहीच, त्यामुळे शोधखिडकीत तो शब्द टाकणाऱ्याला प्रबंध मिळत नाही. यावर तातडीचा उपाय एकच: सारांश आणि विषयशब्द तरी युनिकोडमध्ये पुन्हा टंकून नोंदीत घालणे. काम कंटाळवाणे आहे, पण एका प्रबंधाला अर्ध्या तासाहून जास्त लागत नाही.

नोंद, म्हणजे मेटाडेटा, हाच भांडाराचा कणा. ‘डब्लिन कोअर’ या प्रचलित पद्धतीत मुळात 15 रकाने आहेत: शीर्षक, कर्ता, विषय, तारीख, भाषा, हक्क वगैरे. इतर प्रांतांत ‘कर्ता’ हा रकाना सर्वांत सोपा. गोव्यात तो सर्वांत अवघड.

समजा, टेबलावर पोर्तुगीज आमदानीतली एक पुस्तिका आली. पोर्तुगीज लेखनात ‘श’ला एक्स हे अक्षर, ‘क’ला कुठे सी तर कुठे क्यू-यू. त्यामुळे शेणवी आणि शेट वर्णक्रमात पार तळाला जाऊन बसतात, तर केंकरे क्यूच्या कप्प्यात. कामतींचे ‘कामोतीं’ होते, प्रभूंचे ‘पोरोबो’. एकाच घरातल्या आजोबाचे आडनाव पोर्तुगीज वळणाचे, मुलाचे मुंबईत शिकल्याने इंग्रजी वळणाचे आणि नातवाच्या मराठी कथासंग्रहावर देवनागरी. संगणकाला हे तीन अनोळखी लोक वाटतात. इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकर (1894–1969) पोर्तुगीज ग्रंथांवर ‘पांडुरोंगा’ असतात. मराठीत शोधणाऱ्याला त्यांचे पोर्तुगीज ग्रंथ दिसले नाहीत, तर पोर्तुगीज-मराठे संबंधांवरचे त्याचे वाचन अर्ध्यावरच राहणार.

गावांचेही तेच. पणजीला पोर्तुगिजांनी 1843 मध्ये ‘नोवा गोवा’ हे नाव दिले. त्यामुळे मुखपृष्ठावर नोवा गोवा छापलेले पुस्तक नवखा नोंदकार बिनदिक्कत जुन्या गोव्याखाली टाकतो. असल्या चुका टाळण्यासाठी ग्रंथालये ‘ऑथॉरिटी फाइल’ ठेवतात: एक नाव मुख्य धरायचे आणि बाकीची सगळी रूपे, सगळ्या लिप्यांसह, त्याला बांधायची. हयात संशोधकांना 2012 पासून ‘ऑर्किड’ या जागतिक नोंदणीचा 16 अंकी क्रमांक मिळू लागला आणि त्यांचा गोंधळ मिटला. दिवंगतांना क्रमांक कोण देणार? तिथे कोणता पोरोबो कोणता प्रभू हे सांगू शकणारा माणूसच लागतो, आणि तो बहुधा निवृत्तीला आलेला असतो. गोव्यातल्या कोणत्याही डिजिटायझेशन योजनेत स्कॅनरवर होणाऱ्या खर्चाचा चौथा हिस्सा जरी या नामसूचीवर झाला, तरी वाचकाला फरक लगेच दिसेल.

लिपीचा गुंता निराळाच. इंग्रज जेझुइट धर्मप्रचारक फादर स्टीफन्सचे सुमारे 11,000 ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ भाषेने मराठी, पण 1616 मध्ये राशोल येथे छापले ते रोमी लिपीत, कारण देवनागरीचे खिळे येथे नव्हते. भाषेच्या रकान्यात ‘मराठी’ लिहून लिपीचा रकाना मोकळा सोडला, तर अक्षरओळख करणारी आज्ञावली त्या पानांवर देवनागरी शोधत बसते. मोडी कागदपत्रे आणि गावकरीच्या, म्हणजे जुन्या ग्रामसंस्थांच्या, वह्यांतली गोयकानडी लिपी यांच्यापुढे तर यंत्र अजून चाचपडतेच. मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली तीही 2014 मध्ये. अशा कागदांचे स्कॅन हे नुसते चित्र असते. कोणी लिप्यंतर करून सोबत ठेवले, तरच ते शोधात येते.

स्टीफन्सच्या त्या पहिल्या आवृत्तीची एकही प्रत आज ज्ञात नाही. भारतातला पहिला छापखाना 1556 मध्ये ज्या जुन्या गोव्यात आला, त्याच भूमीत हे घडले. वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस, बुरशी आणि कसर यांच्यापुढे एकुलती प्रत टिकत नाही. हे पोर्तुगीज दरबाराला चांगले ठाऊक होते. लिस्बनचे पत्र दोन-तीन प्रतींत, ‘पहिली वाट’, ‘दुसरी वाट’ अशी खूण करून वेगवेगळ्या जहाजांतून येई. एक बुडाले तर दुसरे पोचे. पावसाळी वाऱ्यांवर आलेल्या या पत्रव्यवहाराच्या बाडांना ‘मोन्सोंयश दु रैनु’ म्हणतात. त्यांतली साठेक बाडे अठराव्या शतकात लिस्बनला नेली आणि ती तिथल्या तोरे दु तोंबु अभिलेखागारात राहिली, बाकीची पणजीत. भांडारांतही तत्त्व तेच. किमान तीन प्रती, त्यांतली एक वेगळ्या गावात, आणि फाइलचा आकडेमोडीने काढलेला ठसा (फाइल जराही बदलली की तो बदलतो) ठरावीक काळाने ताडून पाहणे. ज्या खोलीत सर्व्हर त्याच खोलीतल्या कपाटात त्याची बॅकअप डिस्क, असला प्रकार पहिल्याच गळक्या छताला उघडा पडतो.

वाटून देण्याचे एक चांगले उदाहरण गोवा विद्यापीठाने 2013 मध्ये घालून दिले. आपला चार खंडांचा कोंकणी विश्वकोश त्याने क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला केला. श्रेय द्या आणि त्यातून कराल तेही खुले ठेवा, एवढीच अट. उलट बाजूने, 1 जानेवारी 2025 पासून ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेत सुमारे 13,000 नियतकालिके देशातल्या सरकारी उच्चशिक्षण व संशोधन संस्थांना वाचायला मिळू लागली. तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये मंजूर झाले. आता भांडाराची गरज काय, असे काहींना वाटते. पण वर्गणी परदेशी मजकूर आत आणते. डिचोलीच्या हायस्कुलातल्या शिक्षकाला किंवा पेडण्यात घरी बसून इतिहास लिहिणाऱ्याला ती लागू नाही, आणि गोव्यातली मराठी मासिके तिच्या यादीत शोधण्यात अर्थ नाही.

स्वामित्वहक्काचा हिशोब मात्र भांडाराला सोडत नाही. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षे हक्क वारसांकडे राहतो. पिसुर्लेकरांचे लेखन त्या हिशोबाने 1 जानेवारी 2030 पासून सर्वांचे होईल. तोवर त्यांच्या पुस्तकाची नोंद जगाला खुली ठेवायची, पाने दाखवायची तर वारसांचे लेखी पत्र घ्यायचे आणि ते पत्रही स्कॅन करून त्याच नोंदीला जोडायचे. नाहीतर दहा वर्षांनी नवा ग्रंथपाल येतो, परवानगी सापडत नाही म्हणून घाबरतो आणि पाने पुन्हा कुलूपबंद करतो.