अमेरिकेतल्या प्रायमरीचे निकाल: राज्यागणिक नियम वेगळे का आणि आकडे कसे वाचायचे

मिडटर्मच्या, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या कार्यकाळाच्या मध्यावर येणाऱ्या निवडणुकांच्या, वर्षी अमेरिकेत मार्चपासून सप्टेंबरपर्यंत कुठल्या ना कुठल्या राज्यात प्रायमरी सुरूच असते. प्रतिनिधिगृहाच्या सगळ्या ४३५ जागा, सिनेटच्या साधारण एक तृतीयांश जागा आणि ३६ राज्यांची गव्हर्नरपदं पणाला लागलेली असतात. नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत पक्षाकडून कोण उभं राहणार, हे या प्रायमऱ्यांत ठरतं. आपल्याकडे एबी फॉर्म कुणाला द्यायचा हे पक्षश्रेष्ठी ठरवतात. तिथे तो निर्णय मतदारांच्या हाती आहे. जिथे एकाच पक्षाचं पक्कं वर्चस्व आहे, तिथे तर खरी निवडणूक प्रायमरीतच उरकते.

निकाल पाहणाऱ्याची फसगत बहुतेक वेळा एका राज्याचा नियम दुसऱ्याला लावल्यानं होते. मिशिगनमध्ये २८ टक्के मतांवर उमेदवारी मिळू शकते, मिसिसिपीत साडेएकोणपन्नास टक्केही पुरत नाहीत, आणि कॅलिफोर्नियात पहिले दोघं एकाच पक्षाचे असले तरी दोघंही पुढे जातात. हे नियम कुणी एका बैठकीत केलेले नाहीत. बहुतेकांच्या मुळाशी त्या त्या राज्यातलं जुनं भांडण आहे.

एकोणिसाव्या शतकात उमेदवार ठरायचे ते पक्षाच्या अधिवेशनात. मतपत्रिकाही सरकार छापत नसे. पक्ष आपापल्या नावांची चिठ्ठी छापून मतदाराच्या हातात द्यायचे आणि तो ती सगळ्यांदेखत पेटीत टाकायचा. १८८८ साली मॅसॅच्युसेट्सनं सरकारी, गुप्त मतपत्रिकेचा कायदा केला आणि काही वर्षांत बहुतेक राज्यांनी तो उचलला. या बदलाचा परिणाम दूरवर गेला. मतपत्रिका सरकारची झाली, तेव्हा तिच्यावर कुणाचं नाव यावं याचे नियमही सरकारनंच करायचे, हे ओघानं आलं.

विस्कॉन्सिनच्या रॉबर्ट ला फॉलेट यांनी नेमका हाच धागा पकडला. १८९६ आणि १८९८ अशी दोनदा रिपब्लिकन अधिवेशनात त्यांची गव्हर्नरपदाची उमेदवारी हुकली. आपले प्रतिनिधी पैसे देऊन फोडले गेले, असा त्यांचा आरोप होता. १९०० साली ते गव्हर्नर झाले, १९०३ साली त्यांनी थेट प्रायमरीचा कायदा मंजूर करून घेतला, १९०४ साली जनमतानं त्यावर शिक्कामोर्तब झालं आणि १९०६ साली पहिली राज्यव्यापी प्रायमरी झाली. विस्कॉन्सिनमध्ये आजही मतदार पक्षाच्या नावानं नोंदणी करत नाही. एकाच मतपत्रिकेवर सगळ्या पक्षांचे रकाने असतात, त्यातल्या एकाच पक्षाच्या रकान्यात मत द्यायचं. दोन्हीकडे खुणा केल्या, तर पक्षीय भागातली मतं बाद. मिशिगनमध्येही तसंच. याउलट पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क, फ्लोरिडा इथे प्रायमरी बंद असते, म्हणजे पक्षाचा नोंदणीकृत मतदारच तिच्यात मत देऊ शकतो. त्यामुळे विस्कॉन्सिनमधला ‘रिपब्लिकन मतदान वाढलं’ हा आकडा पेनसिल्व्हेनियातल्या तशाच आकड्याशेजारी ठेवण्यात अर्थ नसतो. एकीकडे लढत रंगली नसेल, तर त्या बाजूचे काही मतदार सरळ दुसऱ्या रकान्यात जातात.

दक्षिणेत मात्र हीच सुधारणा माणसांना बाहेर ठेवण्यासाठी वापरली गेली. तिथे डेमोक्रॅटिक पक्षासमोर विरोधकच नव्हता, म्हणून ज्याला त्या पक्षाच्या प्रायमरीत मत नाही त्याच्या नोव्हेंबरमधल्या मताला काहीही किंमत नव्हती. टेक्सासनं १९२३ साली कायदा करून कृष्णवर्णीयांना डेमोक्रॅटिक प्रायमरीतून वगळलं. एल पासोचे डॉक्टर लॉरेन्स निक्सन कोर्टात गेले आणि १९२७ साली सर्वोच्च न्यायालयानं तो कायदा रद्द केला. मग राज्यानं मतदार ठरवण्याचा अधिकार पक्षाच्या कार्यकारी समितीला दिला. १९३२ साली तीही पळवाट बंद झाली. तेव्हा पक्षाच्या अधिवेशनानं स्वतःच ठराव केला आणि पक्ष ही खासगी संघटना आहे, या युक्तिवादावर १९३५ साली न्यायालयानं तो ठराव मान्य केला. अखेर १९४४ साली स्मिथ विरुद्ध ऑलराइट खटल्यात ८ विरुद्ध १ मतांनी निकाल लागला: प्रायमरी हा निवडणूक यंत्रणेचाच भाग आहे, ती पक्षाची घरगुती बाब नाही. ह्यूस्टनचे दंतवैद्य लॉनी स्मिथ यांची बाजू थरगुड मार्शल यांनी मांडली होती. अमेरिकी लोकशाहीच्या इतिहासात या निकालाचं स्थान फार मोठं आहे. त्या मानानं त्याची आठवण कमीच काढली जाते.

जॉर्जियात मोजणीची रीतच वाकडी होती. उमेदवाराला राज्यभर मिळालेली मतं मोजण्याऐवजी काउंटीनिहाय (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) युनिटं मोजली जायची. सर्वांत मोठ्या ८ काउंट्यांना प्रत्येकी ६, पुढच्या ३० काउंट्यांना ४ आणि उरलेल्या १२१ काउंट्यांना २ युनिटं मिळत. म्हणजे अटलांटाच्या फुल्टन काउंटीतल्या लाखो लोकांचं वजन तीन छोट्या खेडवळ काउंट्यांएवढं. १९४६ साली जेम्स कारमायकल यांना जास्त मतं पडली, पण गव्हर्नरपदाची उमेदवारी युनिटांच्या हिशोबानं यूजीन टॅलमज यांना मिळाली. ही पद्धत १९६३ साली ग्रे विरुद्ध सँडर्स खटल्यात मोडीत निघाली. ‘एक व्यक्ती, एक मत’ हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयानं तेव्हा स्पष्ट शब्दांत मांडलं.

रनऑफ, म्हणजे दुसरी फेरी, हाही एकपक्षीय दक्षिणेचाच वारसा. प्रायमरी जिंकली की सगळंच जिंकलं अशी स्थिती असल्यानं विजेत्याला ५० टक्क्यांहून जास्त मतं हवीत, असा नियम आला. टेक्सास, जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी, साउथ कॅरोलायना, आर्कान्सा, ओक्लाहोमा इथे तो टिकून आहे. नॉर्थ कॅरोलायनात उंबरठा ३० टक्क्यांचा आहे. १९४८ साली टेक्सासमधल्या सिनेटच्या रनऑफमध्ये लिंडन जॉन्सन ८७ मतांनी जिंकले. मतदानानंतर सहाव्या दिवशी जिम वेल्स काउंटीतल्या ॲलिस गावच्या १३ नंबरच्या पेटीतून सुमारे २०० नवी मतं निघाली होती, आणि मतदारांची ती नावं यादीत वर्णानुक्रमानं, एकाच शाईत लिहिलेली होती.

रनऑफच्या राज्यांत पहिल्या रात्री ‘कोण पुढे’ यापेक्षा ‘पहिला ५० च्या वर आहे का’ हे पाहायचं. ३ जून २०१४ रोजी मिसिसिपीत क्रिस मॅकडॅनियल यांना ४९.५ टक्के आणि विद्यमान सिनेटर थॅड कॉक्रन यांना ४९ टक्के मतं होती; तिसऱ्या उमेदवाराच्या दीड टक्क्यानं निकाल अडवला. तीन आठवड्यांनी रनऑफमध्ये मतदान घटण्याऐवजी वाढलं आणि कॉक्रन जिंकले. इथे आणखी एक बारकावा आहे. मार्चमध्ये एका पक्षाच्या प्रायमरीत मत दिलेल्या टेक्सासच्या मतदाराला दुसऱ्या पक्षाच्या रनऑफमध्ये जाता येत नाही, पण ज्यानं पहिल्या फेरीत मतच दिलं नाही त्याला दोन्हींपैकी कुठलाही रनऑफ खुला असतो. पहिल्या फेरीचे टक्के जसेच्या तसे पुढे नेऊन केलेली गणितं म्हणूनच कोलमडतात.

मिशिगनमध्ये रनऑफ नाही. सर्वाधिक मतं ज्याची, उमेदवारी त्याची. चिकोडीत जन्मलेले आणि बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार यांनी २०१८ साली तिथे डेमोक्रॅटिक पक्षाकडून गव्हर्नरपदासाठी प्रायमरी लढवली. तिरंगी लढतीत ग्रेचन व्हिटमर यांना ५२ टक्के मिळाले आणि ठाणेदार सुमारे १८ टक्क्यांवर तिसरे राहिले. २०२२ साली डेट्रॉइटच्या १३व्या मतदारसंघात मात्र नऊ उमेदवारांत मतं विभागली गेली आणि सुमारे २८ टक्क्यांवर त्यांनी बाजी मारली. मतदारसंघ पक्का डेमोक्रॅटिक असल्यानं २ ऑगस्टलाच त्यांची खासदारकी जवळपास नक्की झाली. हीच लढत जॉर्जियात असती, तर पहिल्या दोघांना पुन्हा मतदारांपुढे जावं लागलं असतं.

पश्चिमेकडच्या राज्यांनी पक्षांचे रकानेच काढून टाकले. कॅलिफोर्नियानं १९९६ साली कुठल्याही मतदाराला कुठल्याही पक्षाचा उमेदवार निवडण्याची मुभा दिली होती. पक्षाच्या संघटनस्वातंत्र्यावर ते अतिक्रमण ठरवून सर्वोच्च न्यायालयानं २००० साली ती रद्द केली. त्यावर तोडगा निघाला टॉप-टूचा: सगळे उमेदवार एकाच यादीत, पहिले दोघं नोव्हेंबरमध्ये, आणि पक्षाची उमेदवारी असं काही नाहीच. वॉशिंग्टन राज्यात ही पद्धत २००८ पासून, कॅलिफोर्नियात २०१० च्या प्रपोझिशन १४ या जनमताच्या प्रस्तावानंतर २०१२ पासून आहे. अलास्कानं २०२२ पासून पहिल्या चौघांना पुढे नेऊन नोव्हेंबरमध्ये पसंतिक्रमाचं मतदान (मतदार उमेदवारांना पहिली, दुसरी अशी पसंती देतो) ठेवलं. लुइझियाना उलट दिशेनं गेलं: १९७० च्या दशकापासूनची सामाईक यादी काही पदांपुरती मोडून पक्षनिहाय प्रायमरी परत आणणारा कायदा तिथे २०२४ साली झाला. टॉप-टूमध्ये पक्षाच्या एकूण मतांची बेरीज महत्त्वाची असते. वॉशिंग्टनच्या ऑगस्टमधल्या प्रायमरीत दोन्ही पक्षांच्या सगळ्या उमेदवारांची मतं वेगवेगळी जोडली, की नोव्हेंबरच्या हवेचा बरा अंदाज येतो, म्हणून जाणकार तिच्याकडे लक्ष ठेवून असतात. टॉप-टूचा धोकाही याच बेरजेत आहे. एका पक्षाचे सहा-सात उमेदवार उभे राहिले आणि दुसऱ्याचे दोनच, तर जास्त मतं असलेला पक्षच नोव्हेंबरमधून बाद होऊ शकतो.

प्रायमरी हरलेल्यानं बंडखोरी करू नये म्हणून बहुतेक राज्यांत कायदे आहेत. कनेक्टिकटमध्ये तसा अडथळा आला नाही, म्हणून २००६ साली प्रायमरी हरलेले जो लीबरमन अपक्ष लढून जिंकले. २०१० साली अलास्कात लिसा मर्कोवस्की प्रायमरी हरल्या, आणि छापील यादीत नाव नसताना मतदारांनी हातानं लिहिलेल्या मतांवर सिनेटमध्ये परतल्या.

आता निकाल येतात कसे ते. अमेरिकेत केंद्रीय निवडणूक आयोग मतमोजणी करत नाही. मोजणी काउंटीची (काही राज्यांत शहर-गावांची) आणि संकलन बहुधा राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटचं (हा राज्यातल्या निवडणुका पाहणारा अधिकारी, केंद्रातला परराष्ट्रमंत्री नव्हे). रात्री दिसणारे आकडे अनधिकृत असतात. अधिकृत पडताळणी आणि प्रमाणपत्र पुढच्या काही आठवड्यांत. मधली पोकळी असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था १८४८ पासून भरत आली आहे. त्यांचे वार्ताहर काउंटी कचेऱ्यांतून आकडे कळवतात, आणि पिछाडीवरचा उमेदवार आता गाठूच शकत नाही असं दिसलं की विजेता जाहीर होतो. त्या घोषणेला कायदेशीर वजन नाही.

भारतातून पाहणाऱ्यांसाठी वेळेचं गणित असं. मंगळवारी संध्याकाळी ७ ला जॉर्जियात मतदान संपतं, तेव्हा इथे बुधवारची पहाट, साडेचार. कॅलिफोर्नियाचे ८ म्हणजे आपले सकाळचे साडेआठ. टेक्सासची प्रायमरी मार्चच्या पहिल्या मंगळवारी, घड्याळं पुढे करण्याआधी, होते. म्हणून तिथले ७ आपल्याकडे साडेसहा होतात, आणि एल पासोचा कोपरा त्यानंतर तासाभरानं बंद होतो.

पहिल्या तासाचे आकडे कुठली मतं आधी मोजली यावर अवलंबून असतात. टेक्सास-जॉर्जियात आधीच झालेलं मतदान सुरुवातीलाच झळकतं. पेनसिल्व्हेनियात टपाली पाकिटं मतदानाच्या दिवशी सकाळी ७ च्या आत उघडताच येत नाहीत, त्यामुळे ती रेंगाळतात. २०२२ साली कॅलिफोर्नियात मतदानाच्या दिवसापर्यंतचा शिक्का असलेलं पाकीट ७ दिवसांपर्यंत स्वीकारलं जात होतं. ७ जूनच्या रात्री लॉस एंजलिसच्या महापौरपदाच्या प्रायमरीत रिक कारुसो सुमारे ५ टक्क्यांनी पुढे होते. काउंटी दर मंगळवारी आणि शुक्रवारी नवे आकडे देत गेली आणि शेवटी कॅरेन बास सुमारे ७ टक्क्यांनी पुढे निघाल्या. यात गैरप्रकार काही नव्हता. उशिरा पाकीट टाकणारा मतदार वेगळा होता, एवढंच. ‘इतके टक्के केंद्रं मोजून झाली’ हा आकडाही टपाली मतांच्या राज्यात फसवा असतो. अंदाजे किती मतं बाकी आहेत आणि ती कुठल्या काउंटीतली आहेत, हे विचारायचं.

चुका होतात त्या बहुधा साध्या. ऑगस्ट २०१८ मध्ये कॅन्ससच्या रिपब्लिकन प्रायमरीत क्रिस कोबाक यांची गव्हर्नर जेफ कॉलियर यांच्यावर १९१ मतांची आघाडी होती. थॉमस काउंटीच्या नोंदीत कॉलियर यांची ५२२ मतं होती, राज्याच्या वेबसाइटवर ४२२. दुरुस्ती होताच आघाडी ९१ वर आली. पुढे तात्पुरती (मतदाराची पात्रता नंतर तपासून धरली जाणारी) आणि टपाली मतं धरून कोबाक ३४३ मतांनी जिंकले. मार्च २०२२ मध्ये ह्यूस्टनच्या हॅरिस काउंटीत सुमारे १०,००० टपाली मतं अनधिकृत बेरजेत धरायचीच राहिली होती. त्याच वर्षी मे महिन्यात जॉर्जियाच्या डीकाल्ब काउंटीत कमिशनरपदाच्या एका उमेदवाराला बऱ्याच केंद्रांवर शून्य मतं दिसली. एका उमेदवारानं माघार घेतल्यावर यंत्रांमधले बदल नीट झाले नव्हते. हातानं मोजणी केल्यावर तिसऱ्या क्रमांकावरची ती उमेदवार पहिली आली. केंद्रनिहाय तक्त्यात शून्य दिसलं की थांबून पाहावं, ते यासाठी.

निसटत्या लढतीत आधी राज्याचा फेरमोजणीचा उंबरठा पाहावा. पेनसिल्व्हेनियात राज्यव्यापी लढतीतलं अंतर ०.५ टक्का किंवा कमी असलं की फेरमोजणी आपोआप लागते. १७ मे २०२२ च्या रिपब्लिकन सिनेट प्रायमरीत मेहमेट ओझ आणि डेव्हिड मकॉर्मिक १३ लाखांहून जास्त मतांत हजाराच्या आसपास अंतरावर होते. पाकिटावर तारीख न लिहिलेली टपाली मतं धरायची की नाही, यावर कोर्टात वाद सुरू असतानाच मकॉर्मिक यांनी ३ जूनला हार मानली. फेरमोजणीअंती अंतर निघालं ९५१ मतांचं.