तोंडावरचं बोट: सातारा-सांगलीत मुलांच्या भाषाशिक्षणाची पार्श्वभूमी

श्रवण, भाषण, वाचन, लेखन. अभ्यासक्रमाच्या कुठल्याही कागदावर भाषेची कौशल्यं याच क्रमाने लिहिलेली असतात. वर्गात मात्र गाडी उलटी धावते. पहिलीत आलेलं मूल आधी गिरवतं, मग वाचतं, आणि बोलायची वेळ येते ती गॅदरिंगला. बाकी वर्षभर एकच हुकूम ठरलेला: हाताची घडी, तोंडावर बोट. भाषेच्या तासाची सुरुवातच भाषा बंद करून व्हावी, हे विचित्र आहे. पण ते कुणा एका शिक्षकाच्या तिरसटपणातून आलेलं नाही. त्यामागे दीडेकशे वर्षांचा व्यवहार आहे, आणि त्यातला बराचसा कृष्णाकाठच्या या दोन जिल्ह्यांत उलगडत गेला.

पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर अक्षरं काढत आणि पाढे घोकून घेत. बालबोध म्हणजे देवनागरी लिपी पोथी वाचण्यापुरती, मोडी लिपी कागदपत्रांसाठी, आणि पावकी-निमकी हे अपूर्णांकांचे पाढे हिशेबासाठी. शिकणं म्हणजे खतपत्र वाचता येणं आणि जमाखर्च लिहिता येणं. मुलाला बोलायला शिकवायचं असतं ही कल्पनाच नव्हती, कारण बोलणं तर घरून येतंच. महात्मा फुले यांचं मूळ घराणं खटाव तालुक्यातल्या कटगुणचं. 1882 साली ब्रिटिश सरकारने शिक्षणाच्या पाहणीसाठी नेमलेल्या हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात त्यांनी 12 वर्षांपर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा असं सांगितलं आणि अभ्यासक्रमही सुचवला: मोडी व बालबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोल-व्याकरणाची तोंडओळख, शेतीचं प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य. त्या यादीत बोलणं नाही याचं नवल वाटायला नको. ज्यांना अक्षरच शिवू दिलं नव्हतं, त्यांच्यासाठी अक्षर हीच पहिली मागणी असणार.

पुढे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. 1924 मध्ये तिचं ठाणं साताऱ्याला आलं आणि नाना जातींची मुलं एका वसतिगृहात, एका पंगतीत राहू लागली. 1935 मध्ये साताऱ्यातच शिक्षक तयार करणारं अध्यापक विद्यालय निघालं. डोंगरकपारीच्या वाड्यांपर्यंत शाळा गेल्या, त्या व्हॉलंटरी, म्हणजे सरकारने नव्हे तर संस्थेने काढलेल्या, शाळांच्या रूपाने. यातून जे मिळालं ते अफाट आहे. पण वाडीवरच्या एकशिक्षकी शाळेचं एक गणित असतं: एक खोली, चार इयत्ता, एक गुरुजी. चौथीला भागाकार समजावताना पहिलीला गप्प बसवावंच लागतं. तोंडावरचं बोट आलं असावं ते इथून, व्यवस्थापनाची सोय म्हणून. पुढे दुसरे शिक्षक आले, खोल्या वाढल्या, तरी बोट तिथंच राहिलं.

प्रौढांच्या बाबतीतही भर अक्षरावरच राहिला. 1959 मध्ये सातारा जिल्ह्यातून ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि 1961 पासून राज्यभर पसरली. गावंच्या गावं साक्षर झाल्याचे ग्रामगौरव समारंभ झाले. मोहिमेचा उत्साह खरा होता. अडचण नंतरची: सही आली, अक्षरं आली, पण रोज वाचायला हाती काही नसेल तर अक्षर पुसट होत जातं. अक्षरओळख आणि वाचन या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हा धडा तेव्हाच मिळाला होता. मुलांच्या वर्गापर्यंत तो पोचायला फार वेळ लागला.

वर्गात ठाण मांडून बसली होती ती बाराखडी. हिशेब करून पाहा. क्ष आणि ज्ञ धरून 36 व्यंजनं, गुणिले 12, म्हणजे 432 चौकटी. 6 नोव्हेंबर 2009 च्या शासननिर्णयाने ॲ आणि ऑ वर्णमालेत घेतले, तेव्हा बाराखडीची चौदाखडी झाली आणि चौकटी 504 वर गेल्या. मूल ‘क का कि की’ सुरात म्हणतं, घरचे खूश होतात. मग मधल्याच ‘खु’वर बोट ठेवून विचारलं, की ते मनातल्या मनात ‘ख’पासून पायऱ्या चढत येतं. त्याने चाल पाठ केलेली असते, खूण ओळखलेली नसते. शिवाय सगळी मुळाक्षरं संपल्यावरच काना-वेलांटी, असा क्रम धरला तर कितीतरी महिने मुलाला वाचायला मिळतं काय? नळ, कमळ, गवत, बदक. कान्याशिवाय ‘काका’ नाही, ‘बाबा’ नाही, ‘भाकरी’ नाही. घरातला एकही माणूस नसलेली ही भाषा आहे.

या जुन्या घडीला विचारपूर्वक हात घातला गेला तो फलटणला. मॅक्सीन बर्नसन या जन्माने अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ. 1960 च्या दशकात त्या भारतात आल्या, पुढे भारताच्या नागरिक झाल्या. फलटणच्या मराठीत समाजागणिक काय फरक पडतो, हाच त्यांच्या पीएच.डी.चा विषय होता. त्यामुळे वंचित वस्तीतलं मूल शाळेत अडखळतं तेव्हा त्याला ‘भाषा येत नाही’ हे म्हणणं त्यांना पटणं शक्य नव्हतं. त्याची भाषा पूर्ण असते, फक्त पुस्तकातली नसते. त्यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या प्रगत शिक्षण संस्थेने 1986 मध्ये कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा सुरू केली आणि वाचन कसं शिकवायचं, यावर तिथे सातत्याने काम झालं.

बोलीचा मुद्दा वहीत कसा दिसतो ते जवळून पाहू. माण-खटाव किंवा आटपाडीकडचं मूल ‘ओळख’ला ‘वळख’ लिहितं, ‘एक’ला ‘येक’, ‘ओढा’ला ‘वढा’, ‘उभा’ला ‘हुबा’. लाल शाईने चार फुल्या पडतात आणि शुद्धलेखन कच्चं, असा शेरा मिळतो. पण नीट बघा. शब्दाच्या सुरुवातीचा ‘ओ’ दर वेळी ‘व’च झालाय, ‘ए’ दर वेळी ‘ये’च. म्हणजे मुलाने आवाज अचूक ऐकला, सुटा केला आणि त्याला योग्य खूणही दिली. वाचनाचं निम्मं काम त्याला जमलंय. उलट ‘ओळख’च्या जागी ‘ओख’ किंवा ‘ळओख’ लिहिणाऱ्याला खरी मदत हवी असते, कारण त्याचा आवाज आणि खूण यांचा सांधाच निसटलेला असतो. पहिल्याला फक्त सांगायचं: ‘आपण वळख म्हणतो, पुस्तकात ओळख लिहितात.’ दुसऱ्याबरोबर टाळ्यांचे खेळ पुन्हा खेळायचे: भा-क-री, तीन टाळ्या, मधली टाळी कसली? दोन्ही चुकांना एकच फुली मारली की पहिला गप्प होतो आणि दुसरा तिथंच राहतो.

बाराखडीला पर्याय म्हणून अक्षरगटांची मांडणी आता बऱ्याच शाळांत दिसते. एका वेळी चार-पाच अक्षरं आणि सोबत एक-दोन स्वरचिन्हं. म, क, र, ब ही चार अक्षरं घ्या, काना आणि दुसरी वेलांटी जोडा. लगेच मका, काम, मामी, काकी, बाकी, कमी, बारीक, बकरी तयार. ‘मामा, बाकी काम कर’ हे वाक्यसुद्धा. दहा-बारा दिवसांत मूल अर्थाचं काहीतरी वाचतं आणि हसतं. गट करताना एक पथ्य: दिसायला सारखी अक्षरं (भ-म, घ-ध, प-ष) आणि ऐकायला जवळची अक्षरं (ब-भ, द-ध) एकाच गटात घालू नयेत. पहिलं पक्कं झाल्यावर दुसरं आणावं. पुढचा गट कधी घ्यायचा? शिकलेल्या अक्षरांचे, पण मुलाने आधी न पाहिलेले पाच शब्द दाखवावेत. चार आले की पुढे जावं. पाहिलेलेच शब्द दिले तर स्मरणशक्तीची परीक्षा होते.

देवनागरी उच्चाराबरहुकूम असते, हे आपण अभिमानाने सांगतो. ते बरंचसं खरं आहे, पण पुरतं नाही, आणि मूल अडतं ते नेमकं उरलेल्या जागी. ‘घर’मधल्या ‘र’चा ‘अ’ बोलताना गळतो. ‘करवत’मध्ये दोनदा गळतो. म्हणून ‘क, र, व, त’ असं सुटं वाचणाऱ्याला शब्द ओळखूच येत नाही. त्याला सलग म्हणायला लावलं की चटकन उजेड पडतो. ऱ्हस्व वेलांटी लिहायची आधी, उच्चारायची नंतर. ‘च’चे उच्चार दोन: ‘चार गुरं’ आणि ‘गुरं चार’ मोठ्याने म्हणून बघा. ‘र’ तर बहुरूपीच, सूर्य, चक्र, ट्रक, दऱ्या. हे सगळं पहिल्या वर्षात नियम म्हणून सांगू नये. शब्द भेटेल तेव्हा दाखवावं आणि पुढे जावं.

बोलण्याला प्रतिष्ठा मिळण्याच्या वाटेवर सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटचं, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडे असलेल्या शाळांच्या गटाचं, नाव घ्यावंच लागतं. शिक्षण विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने तिथल्या जिल्हा परिषद शाळांत ज्ञानरचनावादी पद्धतीने, म्हणजे मूल स्वतः करून शिकतं हे धरून, काम उभं राहिलं. मुलं गटात बसू लागली, फरशीवर तक्ते रंगले, हाती साहित्य आलं, शिक्षक फळा सोडून खाली बसले. 22 जून 2015 च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ शासननिर्णयाच्या सुमारास राज्यभरचे शिक्षक ते पाहायला येत होते. नक्कल मात्र बहुतेक ठिकाणी रंगाची झाली. फरशी रंगवणं एका सुट्टीत होतं. मुलाने बोलावं म्हणून गप्प राहणं शिक्षकाला वर्षभर जमवावं लागतं.

ते कसं जमवायचं, याबद्दल बरंच काही पक्कं माहीत आहे. अमेरिकेत शिक्षणसंशोधक मेरी बड रोव यांनी 1970 च्या दशकात वर्गांची ध्वनिमुद्रणं तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तराची वाट जेमतेम एक सेकंद पाहत. तीन सेकंद थांबले की उत्तरं लांबत आणि गप्प मुलंही बोलत. तीन सेकंद म्हणजे मनात सावकाश ‘एक गुऱ्हाळ, दोन गुऱ्हाळ, तीन गुऱ्हाळ’. दुसरी गोष्ट विषयाची. ‘माझी शाळा’वर पाच वाक्यं मागितली की पाठ केलेली पाच येतात. कराडकडच्या वर्गात ‘गुऱ्हाळावर काय काय असतं?’ विचारा. चरक, चिपाड, चुलवाण, काहील, मळी, काकवी, गुळव्या. फळा भरतो, आणि दोन शब्द शिक्षकालाच नवे निघतात. सांगलीकडे हळद शिजवणं घ्या, आषाढात बैलांचा सण बेंदूर घ्या. मग ‘आधी काय, नंतर काय, आणि का?’ एवढंच विचारायचं. ‘का’ आला की मुलाला ‘म्हणून’, ‘कारण’, ‘तोवर’ वापरावंच लागतं, आणि पुढे धडा समजायला नेमकी हीच जोडवाक्यं लागतात. तिसरी गोष्ट दुरुस्तीची. मूल म्हणालं, ‘बैल पळाला.’ त्याला चूक-बरोबर न सांगता वाक्य वाढवून परत द्यावं: ‘हो का? दावं तोडून पळाला? आणि मग धरला कुणी?’ दिवसाला वीस मिनिटं, आठ-दहा मुलांचा गट. अख्ख्या चाळीसच्या वर्गाशी गप्पा मारल्या तर तीच पाच मुलं बोलतात.

सांगलीच्या जत तालुक्यात गोष्ट आणखी वेगळी आहे. तिथे कितीतरी घरांत कन्नड बोलतात. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी. त्यामुळे तो दगड, ती खुर्ची, ते घर हा मराठीचा लहरी कारभार त्या मुलांना कुठल्याही तर्काने लागत नाही. ‘लक्ष दे’ म्हणून उपयोग नाही. ‘मोठा दगड, मोठी खुर्ची, मोठं घर’ असे जोडीनेच शब्द द्यावे लागतात, शेकडो वेळा, खेळातून. ऊसतोडीच्या हंगामात फडावर आलेल्या मुलांचा प्रश्न पुन्हा निराळा. शाळेत नाव गावाकडे, मूल इकडे, आणि दिवाळीनंतरचे महिने असेच निघून जातात. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी काढलेल्या साखरशाळांनी काही काळ ती खिंड लढवली.

घरासाठी एकच सांगण्यासारखं आहे: मोठ्याने वाचून दाखवा, आणि तेच पुस्तक आठवड्यात तीनदा वाचा. पहिल्यांदा नुसतं ऐकू द्या. दुसऱ्यांदा पान उलटण्याआधी ‘आता काय होईल?’ विचारा. तिसऱ्यांदा मुलाने सांगायचं. पुस्तकं नाहीत ही सबब साताऱ्याच्या बाबतीत जरा कमी चालते, कारण मे 2017 पासून महाबळेश्वरजवळचं भिलार पुस्तकांचं गाव झालंय. दुरून आलेले पाहुणे तिथे फोटो काढतात; शाळेची सहल तिथे नेऊन मुलांना तासभर नुसतं वाचत बसू द्यायला काहीच हरकत नाही.

5 जुलै 2021 ला ‘निपुण भारत’ हे लहान मुलांच्या वाचन-गणिताचं केंद्र सरकारचं अभियान सुरू झालं. त्यातली लक्ष्यं ठळक आहेत: दुसरीत मिनिटाला 45 ते 60 शब्द, तिसरीत किमान 60, तेही अर्थासह. वेगाला अर्थ आहे. ‘का… म… गा… र’ असं वाचताना शेवटच्या अक्षराला पोचेपर्यंत पहिलं निसटतं, वाक्य तर दूरच. पण गॉफ आणि टनमर या वाचनाच्या अभ्यासकांनी 1986 मध्ये मांडलेलं सूत्र इथे कामाला येतं: वाचून समजणं म्हणजे उकल (अक्षरांवरून शब्द ओळखणं) गुणिले भाषेची समज. ही बेरीज नाही. एक बाजू शून्य असेल तर उत्तर शून्यच. म्हणूनच गोष्ट वाचून ‘बैल का पळाला?’ला गप्प राहणारं मूल दिसलं, की त्याला आणखी वाचायला लावण्यात मतलब नसतो. आधी तीच गोष्ट त्याला तोंडी सांगायची आणि तोच प्रश्न विचारायचा. उत्तर आलं, तर अडचण उकलीत आहे, सगळी शक्ती अक्षरं जुळवण्यातच जाते. नाही आलं, तर ती भाषेत आहे, आणि उपाय गुऱ्हाळाच्या गप्पांत. तपासणीच्या तक्त्यात मिनिटाला किती शब्द याचा रकाना असतो. आज कोण बोललं याचा बहुधा नसतो. तो हजेरीपत्रकाच्या कडेला पेन्सिलीने आखता येतो: बोललेल्या मुलासमोर एक टिंब, आणि शुक्रवारी टिंब नसलेली नावं आधी घ्यायची.