शौल राजा झाला तेव्हा किती वर्षांचा होता? एका वचनातून गळालेला आकडा

शौल म्हणजे बायबलमधला इस्राएलचा पहिला राजा. त्याच्याबद्दलचं बायबलमधलं १ शमुवेल १३:१ हे वचन हिब्रूत असं आहे: बेन शाना शाउल बेमोल्खो, उश्तेय शानीम मालाख अल यिस्राएल. शब्दाला शब्द लावत गेलं तर अर्थ निघतो, शौल राजा झाला तेव्हा एक वर्षाचा होता आणि त्याने इस्राएलवर दोन वर्षं राज्य केलं. आता पुढच्याच वचनात योनाथान हजार माणसं घेऊन गिबा इथे उभा आहे, आणि योनाथान तर शौलाचाच मुलगा, मग हे जमणार कसं?

यातले शब्द तसे आपल्याला परके नाहीत. बेन म्हणजे मुलगा. जुन्या मोडी कागदांत बापाच्या नावाआधी जो 'बिन' येतो तो अरबीतला, पण याचाच भाऊबंद, आणि कोकणातले आपले बेने इस्राएल म्हणजे 'इस्राएलचे पुत्र', तिथेही हाच शब्द. शाना म्हणजे वर्ष, रोश हशाना या ज्यू नववर्षाच्या नावातला. मालाख म्हणजे राज्य केलं, धातू म-ल-ख (मूळ म-ल-क), आणि आपण मराठीत रोज बोलतो ते मालक, मुलूख, अगदी मलिक अंबरमधला मलिक, हे सगळे अरबीतून याच कुळातले आलेत. बेमोल्खो म्हणजे 'तो राजा झाला त्या वेळी'.

खरी गंमत 'बेन शाना' मध्ये आहे. हिब्रूत वय सांगायची पद्धतच 'इतक्या वर्षांचा पुत्र' अशी, म्हणून वल्हांडण या ज्यू सणाच्या कोकराला बायबलच्याच निर्गम १२:५ मध्ये बेन शाना म्हटलंय, म्हणजे एक वर्षाचं. आणि राजांसाठी एक ठरलेला साचा होता. दावीदाचं बघा, २ शमुवेल ५:४, बेन श्लोशीम शाना, ३० वर्षांचा, राज्य ४० वर्षं. शौलाच्याच मुलाचं, ईश-बोशेथचं, वय ४० आणि राज्य २ वर्षं. शौलाच्या वचनात साचा तोच आहे फक्त बेन आणि शाना यांच्या मधला आकडाच नाही, आणि तो नसला की उरलेल्या दोन शब्दांचा अर्थ आपोआप 'एक वर्षाचा' होतो. मला तरी हेच पटतं, की इथे कोड वगैरे काही नाही, आकडा गळालाय किंवा लिहायचाच राहिलाय.

जुन्या लोकांनाही हे खटकलेलं. ग्रीक भाषांतराच्या व्हॅटिकन प्रतीत हे वचनच नाही, काही ग्रीक प्रतींत ३० घातलेत. तार्गुमने, म्हणजे बायबलच्या जुन्या अरामी भाषांतराने, अर्थ लावला की शौल एक वर्षाच्या बाळासारखा निष्पाप होता, तालमूद या ज्यू धर्मग्रंथात रव्ह हूना हे गुरूही तेच म्हणतात. अर्थ सुंदर आहे, पण बाकी राजांना तो लावून बघा, चालत नाही. राज्याच्या वर्षांचं तर आणखीच, नव्या करारातल्या प्रेषितांची कृत्ये १३:२१ मध्ये ४० वर्षं, पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार जोसेफस एका ठिकाणी १८ आणि २२ अशी बेरीज देतो आणि दुसऱ्या ठिकाणी नुसती २०. 'दोन' हा मोठ्या आकड्याचा उरलेला तुकडा असावा असंही काही अभ्यासक धरतात, त्यातूनच एका आधुनिक इंग्रजी आवृत्तीत ३० वर्षांचा आणि ४२ वर्षं राज्य असं छापलंय. दुसऱ्या एकीने आकड्याच्या जागी सरळ टिंबं ठेवली, आणि माझ्या मते तेच बरोबर आहे, कारण हिब्रू नकलकारांनी शतकानुशतकं ही ओळ उतरवली, स्वरचिन्हं लावली, अक्षरं मोजली, पण पदरचा आकडा काही घातला नाही.