तपकिरी शैवलांचे प्रजनन

तपकिरी शैवले फिओफायसी या वर्गात मोडतात. सुमारे २,००० जातींच्या या वर्गात एक्टोकार्पसच्या बारीक तंतूंपासून ४५ मीटरपर्यंत वाढणाऱ्या मॅक्रोसिस्टिसपर्यंत सारे प्रकार आहेत. बहुतेक जाती खडकाला चिकटून जगतात. त्यांची युग्मके, म्हणजे नर व मादी प्रजननपेशी, मात्र वाहत्या पाण्यात सुटतात. तिथे नर आणि मादी युग्मकांची गाठ कशी पडते, हाच या प्रजननातला कळीचा प्रश्न आहे.

जीवनचक्रात सहसा दोन पिढ्या आलटून पालटून येतात. बीजाणुधारी पिढीत गुणसूत्रांचे दोन संच असतात. तिच्यात अर्धसूत्री विभाजनाने (गुणसूत्रांचे संच निम्मे करणाऱ्या पेशीविभाजनाने) बीजाणू तयार होतात आणि ते रुजून एकाच संचाची युग्मकधारी पिढी वाढते. एक्टोकार्पसमध्ये या दोन्ही पिढ्या जवळजवळ सारख्या दिसतात.

केल्प या मोठ्या तपकिरी शैवलांमध्ये दोन पिढ्यांतली तफावत टोकाची आहे. समुद्रात जंगलासारखा उभा दिसतो तो फक्त बीजाणुधारी. त्याचे बीजाणू दोन असमान कशाभिकांच्या (चाबकासारख्या शेपट्यांच्या) साहाय्याने पोहत तळाशी बसतात आणि त्यांतून सूक्ष्मदर्शकाशिवाय न दिसणारे नर व मादी तंतू उगवतात. १९१५ मध्ये कामिय सोव्हाजो या फ्रेंच शास्त्रज्ञाने ही दडलेली पिढी उजेडात आणली. तोवर केल्पचे लैंगिक प्रजनन अज्ञातच होते. अंडपेशी बाहेर आल्यावरही मादी तंतूलाच टेकून राहते आणि लॅमॉक्सिरीन हे रसायन सोडते. त्याचा स्पर्श होताच काही सेकंदांत नर तंतूंवरील कोश फुटतात व शुक्रपेशी अंडपेशीकडे झेपावतात. या रसायनाचा पल्ला फार तोकडा असल्याने बीजाणू दाटीने रुजले तरच फलन साधते. या तंतूंना युग्मके धरण्यासाठी निळा प्रकाश लागतो. तांबड्या प्रकाशात ते नुसते वाढत राहतात. केल्पची लागवड करणारे बियाणे टिकवायला याच गुणाचा उपयोग करतात.

फ्यूकस या तपकिरी शैवलात स्वतंत्र युग्मकधारी पिढीच उरलेली नाही. फांद्यांच्या फुगीर टोकांवरील खळग्यांत प्रत्येक मादी कोशात ८ अंडपेशी, तर नर कोशात ६४ शुक्रपेशी तयार होतात. पाणी शांत असतानाच ही युग्मके सुटतात, त्यामुळे ती विखरून वाया जात नाहीत. फ्यूकसमधील फलन गुस्ताव्ह थ्युरे यांनी १८५४ च्या सुमारास प्रयोगाने दाखवले. फलित अंडपेशीला सुरुवातीला वर-खाली अशी दिशा नसते. प्रकाश ज्या बाजूने येतो तिच्या विरुद्ध बाजूला मुळासारखा धारक फुटतो. पेशीला दिशा कशी मिळते, हे अभ्यासण्यासाठी जीवशास्त्रात इतके सोयीचे उदाहरण क्वचितच सापडेल.

अलैंगिक प्रजनन बीजाणूंनी किंवा तुकड्यांनी होते. सारगॅसम नॅटन्स आणि सारगॅसम फ्लुइटन्स या तरंगत्या जाती तर केवळ तुकडे पडूनच वाढतात. २०११ पासून उष्ण कटिबंधीय अटलांटिकमध्ये पसरणारे सारगॅसमचे अवाढव्य पट्टे याच रीतीने वाढत आले आहेत.