याह्या

याह्या : मुस्लिम मुलांना ठेवले जाणारे एक अरबी नाव. कुराणानुसार पैगंबर जकरिया यांचे पुत्र व स्वतःही पैगंबर असलेले हजरत याह्या यांच्यावरून ते रूढ झाले. मराठी बायबलमधील ‘बाप्तिस्मा करणारा योहान’ ते हेच. मराठीत याह्या, यहया, यहिया अशी लेखनरूपे आढळतात. ‘जगतो’, ‘जिवंत राहतो’ हा नावाचा अर्थ सर्वत्र सांगितला जातो. मात्र तो मूळचा की मागाहून जोडलेला, हा जुना वाद आहे.

व्युत्पत्ती : अरबीत ह-य-य या धातूपासून जीवनवाचक शब्द होतात आणि ‘याह्या’ हे त्याचे वर्तमानकाळी तृतीयपुरुषी रूप आहे. क्रियापदरूपी विशेषनामे अरबीला नवी नाहीत (उदा., यझीद, ‘वाढतो’). या मताचे भाष्यकार नावाची कारणेही देतात : वांझ मातेच्या कुशीला या मुलामुळे जीव आला, किंवा अल्लाहने त्याला श्रद्धेने जिवंत केले. कुराणाचे भाष्यकार जमख्शरी (मृ. ११४४) यांनी मात्र व्याकरणाच्या अंगाने दोन्ही पर्याय मांडले. या नावाला तन्वीन (नामाच्या शेवटी येणारा ‘न्’चा उच्चार) लागत नाही. नाव परकीय मानल्यास मूसा, ईसा यांप्रमाणे परकीयत्व हे त्याचे कारण ठरते. अरबी मानल्यास क्रियापदाचा साचा हे कारण. त्यांचा कल पहिल्या पर्यायाकडे दिसतो.

हिब्रूत हे नाव ‘योहानान’ (परमेश्वराने कृपा केली) असे आहे आणि अरबी ख्रिस्ती ते ‘यूहन्ना’ असे म्हणतात. मग ‘याह्या’ आले कोठून? काही पाश्चात्त्य अभ्यासकांच्या मते हा लिपीचा खेळ आहे : जुन्या हस्तलिखितांत नुक्ते (अक्षरे ओळखू यावीत म्हणून दिलेले ठिपके) क्वचितच दिले जात, मधल्या दात्यावर (अक्षराच्या उंचवट्यावर) एक नुक्ता दिला तर ‘न’, खाली दोन दिले तर ‘य’. तेव्हा ‘युहन्ना’चे ‘याह्या’ वाचले गेले असावे. तर्क चतुर असला, तरी कुराण मुखपरंपरेने पाठ होत आले आणि मान्य पाठांपैकी एकातही ‘युहन्ना’ नाही, हे त्याच्या आड येते. इस्लामपूर्व अरबांत हे नाव वेगळ्या वळणाने आधीच रुळले होते, हे मत त्यामुळे अधिक ग्राह्य वाटते.

लेखनातील एक बारकावाही नोंदण्याजोगा आहे. ‘जगतो’ हे क्रियापद लिहिताना शेवटी ‘अलिफ’ हे अक्षर येते; विशेषनाम लिहिताना मात्र ‘या’ अक्षर. उच्चार एकच, भेद फक्त डोळ्यांना दिसतो.

धार्मिक महत्त्व : कुराणात हे नाव पाच वेळा येते. सूरा (अध्याय) मरियममध्ये (१९.७) वृद्ध जकरियांना पुत्राची शुभवार्ता नावासकट मिळते आणि ‘आम्ही याआधी त्याचा कोणी समनाम केला नाही’ असे म्हटले जाते. हे नाव पूर्वी कोणाचेच नव्हते, असा सरळ अर्थ बहुतेक भाष्यकार घेतात. ‘समी’ म्हणजे समतुल्य, असा दुसरा अर्थ. त्याच सूरेच्या ६५व्या आयतीतील (वचनातील) वापर त्याला आधार देतो. योहानान हे नाव जुन्या करारात अनेकांचे असल्याने ही चर्चा लांबली. लूकच्या शुभवर्तमानातही नातेवाईक ‘तुझ्या कुळात या नावाचे कोणी नाही’ अशी हरकत घेतात आणि मुका झालेला पिता पाटीवर नाव लिहून देतो. सूरा मरियमच्याच १३व्या आयतीत याह्यांना ‘हनान’ (करुणा) दिल्याचे म्हटले आहे. हा शब्द कुराणात एकदाच येतो आणि त्याचा धातू योहानानमधील ‘कृपे’चाच आहे, हा योगायोग समजणे कठीण.

आल-इम्रान सूरेत (३.३९) त्यांना ‘हसूर’, म्हणजे संयमी, ब्रह्मचारी, म्हटले आहे. जन्मदिनी, मृत्युदिनी आणि पुनरुत्थानाच्या दिवशी त्यांच्यावर शांती असो, असेही वचन आहे (१९.१५). परंपरेनुसार त्यांचा शिरच्छेद झाला. दमास्कसच्या उमय्या मशिदीत त्यांचे शीर पुरल्याचे मानतात. रोममधील एका चर्चचाही असाच दावा आहे. २००१ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी मशिदीतील या समाधीला भेट दिली.

प्रसार : याह्या नावाच्या माणसाची कुन्या (‘अमक्याचा पिता’ अशा अर्थाचे उपनाम) बहुधा ‘अबू जकरिया’ असते, मग त्याला जकरिया नावाचा मुलगा असो वा नसो. हदीसवेत्ते याह्या बिन मईन आणि अविवाहित राहिलेले इमाम नववी (१२३३–७७) यांची कुन्या हीच होती. नाव केवळ मुस्लिमांचे राहिले नाही : बगदादचे तत्त्वचिंतक याह्या बिन अदी (मृ. ९७४) ख्रिस्ती होते. मराठी वाचकाला हे नाव ओळखीचे झाले ते मुख्यतः १९७१च्या युद्धकाळातील पाकिस्तानी अध्यक्ष याह्याखान यांच्यामुळे. गोव्यात २४ जूनला डोक्यावर पानाफुलांचा ‘कोपेल’ घालून विहिरींत उड्या घेत साजरा होणारा सांजांव हाही याच संताचा जन्मोत्सव. तिथे नाव पोर्तुगीज ‘जुआंव’च्या वाटेने आले.