पैसे संपले म्हणून घरी नेणं आणि कायद्यानं उपचार थांबवणं

इच्छामरणावर बोलणं निघालं की पहिला आक्षेप हमखास येतो: वाट मोकळी केली तर आधी गरीबच मरेल. आक्षेपात तथ्य आहे. पण गरीब माणूस पैशांपायी उपचाराविना जाणं मराठवाड्यात केव्हापासूनच चालू आहे, तेही कुठल्या कायद्याशिवाय, आणि त्यावर कुणी वाद घालत नाही.

गेवराईचा किंवा किनवटचा माणूस संभाजीनगरला, नांदेडला खासगी आयसीयूत व्हेंटिलेटरवर असतो. उसनवारी संपते, एखादा एकर विकायला निघतो, आणि मग घरचे म्हणतात, "साहेब, आम्ही पेशंट घरी नेतो." छापील फॉर्म पुढं येतो. 'होणाऱ्या परिणामांस आम्ही जबाबदार राहू' या ओळीखाली थोरल्याची सही, आईचा अंगठा. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये कुणीतरी पाव्हणा हातानं श्वासाची पिशवी दाबत बसतो. घरी ना ऑक्सिजन, ना दुखणं कमी करणारं औषध. आजार बरा होण्यातला होता का, हे त्या फॉर्मवर कुणी विचारत नाही. कधीकधी तो बरा होण्यातला असतोही.

सर्वोच्च न्यायालयानं ९ मार्च २०१८ ला मान्यता दिली ती वेगळ्याच गोष्टीला. बरं होण्याची आशाच उरली नसेल, तर नुसता जीव लांबवणारे उपचार थांबवता येतात. इंजेक्शन देऊन मारणं त्यात बसत नाही; तो आजही गुन्हा आहे. जानेवारी २०२३ मध्ये नियम सोपे झाले, तरी डॉक्टरांच्या दोन मंडळांचा निर्णय लागतोच. पहिल्या मंडळात उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ असतात. दुसऱ्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेला डॉक्टरही असतो. घरच्यांची संमती लागते, आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना आधी कळवावं लागतं. मंडळानं नकार दिला तर उच्च न्यायालयात जाता येतं, म्हणजे आपल्याला संभाजीनगर खंडपीठात.

म्हणून गरिबीचा आक्षेप मला या मंडळांपेक्षा त्या अंगठ्याला जास्त लागू वाटतो. (पीकविमा मिळेना म्हणून जिल्हाधिकाऱ्यांकडे 'इच्छामरणाची परवानगी द्या' असं निवेदन देणारा शेतकरी या दोन्हीत येत नाही. त्याला जगायचंय.)

तरीही एक आक्षेप उरतो, आणि तो मला सोडवता येत नाही. मंडळ आजार तपासतं, घर तपासत नाही. म्हातारी आधीच लिहून ठेवते, "मला मशीनवर ठेवू नका." नोटरी होते, दोन साक्षीदार सह्या करतात. पण ही तिची इच्छा, की लेकावर कर्ज नको ही धास्ती? वाटणी व्हायची असेल, लेकींचा हिस्सा सातबाऱ्यावर अजून चढला नसेल, तर संमती देणाऱ्यालाच तिच्या जाण्यात फायदा असतो. मुंबईच्या केईएम रुग्णालयात कित्येक वर्षं निपचित पडून असलेल्या अरुणा शानबाग यांच्या खटल्यात तिथल्या परिचारिका 'त्यांना मरू द्या' या मागणीविरुद्ध उभ्या राहिल्या, आणि २०११ मध्ये न्यायालयानं सांभाळणाऱ्यांचं म्हणणं मोलाचं मानलं. आपल्याकडं आईचं हगणं-मुतणं काढते ती सून किंवा माहेरी आलेली लेक; सही मात्र थोरल्याची असते. मंडळानं तिलाही बोलावून विचारायला हवं, आणि तोच प्रश्न घरी नेण्याचा फॉर्म पुढं करण्याआधीही व्हायला हवा.