हेलेनिक देवधर्म : घरातली पूजा

झ्यूस, हेस्टिया, अथीना, हर्मीस या जुन्या ग्रीक देवांना गोष्टीतली पात्रं न समजता खरेखुरे देव मानायचं आणि आजच्या काळात आपल्या घरात त्यांची पूजा करायची, याला घरगुती हेलेनिक देवधर्म म्हणता येईल. हे लोक आपल्या धर्माला हेलेनिस्मोस म्हणतात, ग्रीसमधले इतर लोक त्यांना 'दोदेकाथेइस्तेस' म्हणजे बारा देववाले असं म्हणतात. ग्रीसमध्ये, अमेरिकेत, युरोपात सगळीकडे त्यांची संख्या थोडीच आहे, जवळपास चालू देऊळ नसतं, पुजारी नसतो, त्यामुळे बहुतेकांचा सगळा धर्म घरातल्या एका फळीवर चालतो. पण ही नाइलाजाची तडजोड आहे असं समजू नये. ग्रीक धर्म म्हटलं की आपल्याला पार्थेनॉन आणि संगमरवरी पुतळे आठवतात, ते आहेच, पण तो धर्म रोजच्या रोज जगला तो चुलीपाशी, कोठीत, अंगणात आणि दारात, आणि आजचे लोक नेमका तोच धागा हातात धरायला बघतायत, म्हणून मला हा विषय देवळांपेक्षा जास्त जवळचा वाटतो.

जुन्या ग्रीक घरात देव कुठे कुठे असायचे ते आधी बघू. चुलीत किंवा शेगडीत हेस्टिया, तिचा वेगळा पुतळा सहसा नसायचा, जाळ हीच देवी. होमरच्या नावावर असलेल्या एका छोट्या स्तोत्रात सांगितलंय की तिच्याशिवाय माणसांची पंगत होतच नाही, गोड वाइनची पहिली आणि शेवटची धार तिलाच. ऑलिन्थस हे शहर इ.स.पू. ३४८ मध्ये मॅसिडोनियाचा राजा फिलिप याने उद्ध्वस्त केलं, तिथे उत्खननात शंभराच्या वर घरं सापडली, पण कायमची बांधलेली चूल फार थोड्या घरांत आहे, म्हणजे बरेच लोक उचलून नेता येईल अशी शेगडीच वापरत असणार. आज फ्लॅटमध्ये राहणारा माणूस 'माझ्याकडे चूलच नाही, मग हेस्टिया कुठे ठेवू' असं विचारतो तेव्हा त्याला हे सांगण्यासारखं आहे, जिथे जाळ पेटवला तिथे हेस्टिया.

अंगणात झ्यूस हर्केइओस म्हणजे कुंपणाचा, आवाराचा झ्यूस. याचं महत्त्व केवढं होतं ते अ‍ॅरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या अथेन्सच्या राज्यव्यवस्थेवरच्या ग्रंथातून कळतं. अथेन्समध्ये आर्कोन म्हणजे वरिष्ठ अधिकारी म्हणून निवड झालेल्याची पदावर बसण्याआधी तपासणी व्हायची, त्यात आईवडील कोण हे विचारायचेच, पण तुझ्याकडे अपोलो पात्रोओस म्हणजे वाडवडलांचा अपोलो आणि झ्यूस हर्केइओस आहेत का, त्यांची स्थानं कुठे आहेत, घरच्यांची थडगी कुठे आहेत, आईवडिलांना नीट वागवतोस का, असंही विचारायचे. घरचा देव सांगता येणं हा नागरिक असण्याचा पुरावा होता. दाराबाहेर हर्मीसचा चौकोनी खांब, तिठ्यांची देवी हेकाटी हिचं छोटं स्थान, कुठे रस्त्याचा राखणदार अपोलो आगिएउस निमुळत्या दगडाच्या रूपात, आणि आत कोठीत झ्यूस क्तेसिओस, त्याच्याकडे शेवटी येतो.

आजच्या घरात हे सगळं आकसून एका कपाटावर किंवा खिडकीच्या कट्ट्यावर येतं. एखादी छोटी मूर्ती किंवा छापलेलं चित्र, एक दिवा, धूप जाळायची वाटी, पाण्याचं भांडं, अर्घ्य ओतायला एक वाडगा, बास. होस्टेलवर राहणारे किंवा ज्यांच्या घरी हे चालत नाही असे लोक पत्र्याच्या डबीत सगळं मावेल असं बसवतात आणि पूजा झाली की डबी बंद. उघडा जाळ चालत नाही तिथे बॅटरीचा दिवा लावतात, त्यावर काही जण नाक मुरडतात, पण भाड्याच्या खोलीत स्मोक अलार्म असताना दुसरं करणार काय.

पूजा सुरू होते पाण्याने. त्याला खर्निप्स म्हणतात. स्वच्छ पाण्यात पेटवलेली काडी किंवा तमालपत्र बुडवून विझवायचं, चर्र असा आवाज होतो, थोडा धुराचा वास पाण्याला लागतो, मग त्या पाण्याने हात धुवायचे, तोंडावर घ्यायचं, पूजेच्या जागेवर शिंपडायचं. जुना ग्रीक कवी हेसिओड याने तर बजावूनच ठेवलंय की पहाटे न धुतलेल्या हातांनी झ्यूसला वाइन ओतू नकोस, देव मग ऐकत नाहीत. मग थोडे सातूचे दाणे टाकायचे, हेस्टियाला पहिला भाग द्यायचा, ज्या देवाची पूजा आहे त्याला धूप आणि वाइन, आणि शेवटी पुन्हा हेस्टिया. वाइन पाणी घालूनच, कारण ग्रीक लोक निव्वळ वाइन सहसा पीत नसत. ज्यांना दारू चालत नाही ते दूध, मध, पाणी देतात आणि ही काही आजची पळवाट नाही, वाइनशिवायचं अर्घ्य जुन्या काळीही होतं, त्याला नेफालिया म्हणायचे, काही देवतांना तेच लागायचं.

प्रार्थना उभं राहून, हात वर करून, तळवे आकाशाकडे. पाताळातल्या देवांसाठी तळवे खाली जमिनीकडे. गुडघे टेकणं ही तिथली नेहमीची पद्धत नव्हती. आणि मोठ्याने बोलायचं. आधी देवाला नावांनी हाक, एकेका देवाची विशेषणं इतकी की आपल्याला सहस्रनाम आठवावं, मग आपलं पूर्वीचं नातं आठवून द्यायचं, मग मागणं. होमरच्या इलियड महाकाव्याच्या पहिल्याच भागात म्हातारा पुजारी ख्रिसीस अपोलोला म्हणतो की तुझ्या देवळावर मी कधी छप्पर घातलं असेल, बैलांच्या नि बोकडांच्या मांड्या तुझ्यासाठी जाळल्या असतील, तर माझं एवढं कर.

हे ऐकून लोक म्हणतात की हा तर सौदा झाला. तसं नाही. यामागे खारिस नावाची कल्पना आहे आणि ती नीट समजली तर हा सगळा धर्म समजतो. आपल्याकडे शेजारणीने वाटीत काही दिलं तर ती वाटी रिकामी परत पाठवत नाहीत, चिमूटभर साखर का होईना घालून देतात, त्यात हिशोब नसतो पण देणंघेणं मात्र चालू राहतं आणि त्यातूनच नातं टिकतं, खारिस म्हणजे देव आणि माणूस यांच्यातली अशी फिरती वाटी. म्हणून एकदाच मोठं काही करण्यापेक्षा थोडं थोडं पण नेमाने करण्यावर सगळा भर.

याची एक गोष्ट पॉर्फिरी या तत्त्वज्ञाने मांसाहार सोडण्याविषयीच्या ग्रंथात सांगितलीय, मूळ थिओपॉम्पस या इतिहासकाराची. आशियातल्या मॅग्नेशियाचा एक श्रीमंत माणूस दरवर्षी देवांना बैलांच्या बैल द्यायचा, तो डेल्फीला अपोलोच्या देवळात कौल लावायला गेला आणि विचारलं की देवांना सगळ्यात चांगलं कोण पूजतं, त्याला वाटलं आपलंच नाव येणार. कौल देणाऱ्या पुजारणीने, पायथियाने, नाव घेतलं आर्केडियातल्या मेथिड्रिअन गावच्या क्लिआर्कसचं. हा चकित झाला, त्या गावाला गेला, गाव एवढंसं, त्याला कळेना की इथे अख्ख्या गावाने मिळून तरी देवाला काय थाटाचं देता येणार. क्लिआर्कस भेटला. त्याने सांगितलं की मी दर महिन्याच्या पहिल्या चंद्राला हर्मीस आणि हेकाटी आणि वाडवडलांनी ठेवलेले बाकीचे देव पुसून लखलखीत करतो, त्यांना माळा घालतो, धूप आणि सातूच्या वड्या देतो, गावचा कुठलाही उत्सव चुकवत नाही, बैल मारत नाही, जे घरात असेल ते देतो. आजच्या हेलेनिक घरांची सगळी पद्धत या एका माणसाच्या उत्तरात आहे असं मला वाटतं, तारीख पाळणं, पुसणं, आणि घरात असेल ते देणं.

तारखा चंद्राच्या. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, कारण अथेन्सचा महिना आपल्यासारखाच अमावास्येनंतर सुरू व्हायचा, आणि चंद्र नि सूर्य यांचा मेळ बसवायला अधिक महिना घालायचे, बहुतेक वेळा पोसिडेऑन महिनाच दुसऱ्यांदा. वर्षाची सुरुवात मात्र उन्हाळ्यातल्या सगळ्यात मोठ्या दिवसानंतरच्या नव्या चंद्राला, हेकाटोम्बेऑन महिन्यात. दिवस सूर्यास्ताला बदलायचा. चंद्रकोरीचा पहिला दिवस नूमेनिया, दुसरा आगाथोस डायमोन म्हणजे घराच्या शुभ दैवताचा, तो सापाच्या रूपात दाखवायचे, कोकणातला राखणदार आठवतोच. चौथा हर्मीस आणि अ‍ॅफ्रोडाइटीचा, सहावा आर्टेमिसचा, सातवा अपोलोचा. आता हे सगळं फोनमधल्या कॅलेंडरवर टाकून ठेवतात.

महिना संपतो त्या काळोख्या रात्री हेकाटीचं देइप्नोन म्हणजे रात्रीचं जेवण. घर झाडायचं, शिळंपाकं काढायचं, आणि तिच्यासाठी अंडी, लसूण, मासे, वड्या असं काही तिठ्यावर ठेवून मागे न बघता परत यायचं. आपल्याकडे अमावास्येला तिठ्यावर ठेवलेला उतारा बघून लोक बाजूने जातात, अथेन्समध्ये मात्र गरीब लोक ते जेवण उचलून खायचे. विनोदी नाटककार अरिस्टोफेनीसच्या इ.स.पू. ३८८ मधल्या 'प्लूटोस' नाटकात म्हटलंय की श्रीमंत दर महिन्याला हेकाटीला ताट पाठवतात आणि ते नीट खाली ठेवायच्या आधीच गरीब ते पळवतात. आज शहरात रस्त्यावर अन्न ठेवलं तर ते कुत्र्यामांजरांच्या पोटात नाहीतर कचऱ्याच्या गाडीत जाणार, म्हणून बरेच जण त्या दिवशी फ्रिज साफ करतात आणि तेवढ्या किमतीचं धान्य किंवा डबाबंद खाणं गरजूंसाठी देतात, आणि मला तरी यात जुन्या प्रथेचा प्राण जसाच्या तसा दिसतो.

मिआस्मा म्हणजे अशौच. जन्म आणि मृत्यू या दोन्हीने घराला लागायचं, अगदी सोयरसुतकासारखं, मेलेल्याच्या दाराबाहेर दुसऱ्या घरून आणलेलं पाणी ठेवायचे, म्हणजे भेटून निघणारा हात धुऊन जाईल. यात पाप केल्याचा भाव नसतो, मरणाच्या जवळून आलोय एवढंच. मासिक पाळीबद्दलचे नियम जुन्या ग्रीक लेखांत फार थोडे आणि उशिराचे आहेत, आजचे बहुतेक लोक ते मानतच नाहीत.

मधली शेकडो वर्षं हे सगळं बंद होतं आणि ते आपोआप बंद पडलं नाही. ८ नोव्हेंबर ३९२ ला ख्रिस्ती रोमन सम्राट थिओडोसिअसच्या राजवटीत निघालेल्या कायद्यात फक्त बळी देण्यावर बंदी नव्हती, घरातल्या देवापुढे दिवा लावणं, धूप ठेवणं, माळ अडकवणं, कुलदैवताला वाइन देणं यांचीही नावं घेऊन बंदी होती. चार भिंतींच्या आतल्या दिव्यालाही सरकार घाबरतं, हे वाचून मला दर वेळी वाईट वाटतं. तरी पेलोपोनीसच्या दक्षिण टोकाला मानी भागात नवव्या शतकापर्यंत जुने देव पुजणारे होते, त्यांचा बाप्तिस्मा बायझंटाइन सम्राट पहिल्या बेसिलच्या काळात झाल्याची नोंद आहे. पंधराव्या शतकात ग्रीसमधल्या मिस्त्रास शहराच्या गेमिस्तोस प्लेथोन या तत्त्वज्ञाने झ्यूसला केंद्रस्थानी ठेवून नवा धर्मग्रंथ लिहिला, तो त्याच्या मृत्यूनंतर पाट्रिआर्क म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रमुख गेन्नादिओस याने जाळायला लावला, थोडेच तुकडे उरले.

म्हणजे आजची पूजा अखंड चालत आलेली नाही, ती ग्रंथ, शिलालेख आणि उत्खनन यांतून पुन्हा उभी केलेली आहे, आणि मानणारे हे उघड सांगतात. अथेन्समध्ये १९९७ मध्ये एथनिक हेलेन्सची सर्वोच्च परिषद स्थापन झाली, अमेरिकेत २००१ मध्ये हेलेनिऑन ही संघटना, २००८ मध्ये अथेन्समध्येच लाब्रिस ही संघटना, जी घरच्या पूजेवर विशेष भर देते. २०१७ मध्ये ग्रीक सरकारने या धर्माला 'ज्ञात धर्म' म्हणून मान्यता दिली. ग्रीक देव आपल्याकडेही पूर्वी येऊन गेलेत, कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या उत्खननात पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती मिळाली, ती तिथल्या टाउन हॉल म्युझियममध्ये आहे.

आता शेवटी राहिलेला कोठीतला देव. झ्यूस क्तेसिओस म्हणजे घरातलं धान्यधुन्य, मिळकत राखणारा झ्यूस, आणि त्याची मूर्ती म्हणजे एक बरणी, कादिस्कोस. ती कशी बसवायची हे अथेनाइओस या ग्रीक लेखकाने इ.स. २०० च्या सुमाराच्या आपल्या ग्रंथात एका जुन्या लेखकाच्या शब्दांत जपून ठेवलंय. नवीन, दोन कानांचं, झाकणाचं भांडं घ्यायचं, कानांना पांढरी लोकर गुंडाळायची, आत अमृत घालायचं, आणि हे अमृत म्हणजे काय, तर स्वच्छ पाणी, ऑलिव्हचं तेल आणि सगळ्या प्रकारची फळं-दाणे. आज लोक लोणच्याची चिनी मातीची बरणी वापरतात, तिच्यात मूठभर गहू, डाळी, मनुका, एखादा सुका अंजीर, वरून पाणी, त्यावर तेलाचा थर. काही दिवसांत तळाचे दाणे फुगतात, पाणी गढूळ होतं, तेल मात्र वर पिवळंधमक तरंगत राहतं. देइप्नोनच्या दिवशी बरणी झाडाच्या बुंध्याशी रिकामी करायची, धुऊन पालथी घालायची, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कोर दिसली की पुन्हा भरून कडधान्याच्या डब्यांशेजारी ठेवून द्यायची.